बेटांची सहल आणि वाळूवरचा मुक्काम

आपल्या हैदराबादच्या मुलांना ‘सागर’ म्हटले की प्रथम आठवतो तो हुसेनसागर. सोळाव्या शतकात कुतुबशाही अमदानीत बांधलेला हा तलाव लहान नव्हे. त्याच्या पाण्यात एक खडक आहे, त्या खडकावर १९९२ सालापासून भगवान बुद्धांची भव्य मूर्ती उभी आहे, आणि होडीत बसून थोड्याच वेळात तेथे जाताही येते. म्हणजे बेटावर जाण्याची हौस येथेही भागते म्हणायची! परंतु या सागराला भरती नाही, ओहोटी नाही, लाट नाही आणि मीठही नाही. मुशीचे पाणी कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते, एवढाच काय तो आपल्या शहराचा समुद्राशी नात्याचा धागा.

यामुळे होते असे की आपल्यासारखी पठारावरची माणसे समुद्रावर जातात ती तलावावर गेल्यासारखीच जातात. कपडे किनाऱ्यावर ठेवायचे आणि पाण्यात शिरायचे. याचा परिणाम काय होऊ शकतो हे सांगण्यास २०१७ सालच्या एप्रिल महिन्यातील एक घटना पुरे आहे. बेळगावहून सहलीस आलेल्या एका महाविद्यालयाच्या तुकडीपैकी आठ जण मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बुडून मरण पावले. तेथे वादळ नव्हते, की होडीही उलटली नव्हती. अशा बातम्या वाचून पुष्कळ पालक समुद्राचे नावच काढू देत नाहीत. त्यांची भीती मला समजते. पण मुलांना समुद्रापासून दूर ठेवणे आणि समुद्र काय वस्तू आहे हे त्यांना न सांगणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. मूल आज गेले नाही तरी उद्या मित्रांबरोबर जाणारच आहे.

संक्रांतीच्या सुटीत आम्ही कुटुंबातील पाच जण, त्यांत दोन मुले, मालवणच्या बाजूला जाऊन आलो. एक जलदुर्ग पाहिला, खाडीच्या तोंडावरचे वाळूचे बेट पाहिले आणि दोन रात्री तंबूत काढल्या. त्या निमित्ताने जे पाहण्यात आले आणि जे आधीपासून ठाऊक असणे अगत्याचे होते, ते येथे विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या घरच्या मंडळींसाठी लिहीत आहे.

हैदराबादहून मालवणला जाण्याचा आमचा मार्ग सोलापूर, मिरज, कोल्हापूर असा होता. कोल्हापुराहून राधानगरी आणि दाजीपूरचे रान ओलांडले की फोंडाघाट लागतो, आणि घाट उतरताच हवा बदलते. अंगाला चिकटपणा जाणवू लागतो. नकाशा उघडून पाहाल तर एक गंमत दिसेल. हैदराबाद सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मालवण १६ अंशांवर. दोन्ही गावे उष्ण कटिबंधातील, जवळजवळ एकाच रेषेवरची. तरीही आपल्याकडे वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे लोकरीचे कपडे लागतात, तिकडे साधी चादर चालते. समुद्राचे सान्निध्य आणि सह्याद्रीचा अडसर या दोहोंचा हा प्रभाव होय. दुसरी गंमत घड्याळाची. मालवण आपल्या पश्चिमेस सुमारे पाच रेखांश आहे. दर रेखांशामागे सूर्याला चार मिनिटे लागतात हे आपण सातवी-आठवीत पाठ केलेले असते. त्या हिशेबाने मालवणचा सूर्य आपल्यापेक्षा सुमारे वीस मिनिटे उशिरा मावळला पाहिजे. मुलांनी आदल्या आठवड्यात घराच्या गच्चीवरून सूर्यास्ताची वेळ टिपून ठेवली होती. मालवणच्या धक्क्यावर त्यांनी ती ताडून पाहिली आणि हिशेब जमला. भूगोलाच्या पुस्तकावर त्या दिवसापासून त्यांचा थोडा अधिक विश्वास बसला आहे.

बेट म्हणजे चहूकडून पाण्याने वेढलेली जमीन, एवढी व्याख्या आपण लिहून मोकळे होतो. पण सगळी बेटे एका जातीची नसतात. समुद्राने मुख्य भूमीपासून तोडून वेगळे ठेवलेले खडक ही एक जात. मालवणचे कुरटे बेट, वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडक, कारवारजवळचे कूर्मगड ही सर्व त्या जातीची. नदीने आपल्या गाळाने रचलेली बेटे ही दुसरी. गोव्यात मांडवीच्या मुखाजवळची दिवाडी आणि चोडण यांचा समावेश या गटात करता येईल. माझ्या मायबोलीत, म्हणजे कोंकणीत, बेटाला ‘जुवें’ म्हणतात, आणि त्या नावाची गावेच आमच्याकडे खाडीच्या पाण्यात आहेत. तिसरी जात प्रवाळांची. लक्षद्वीपची ३६ बेटे इवल्याशा समुद्रजीवांच्या सांगाड्यांवर उभी आहेत, आणि त्यांपैकी दहांवर माणसे राहतात. चौथी ज्वालामुखीची; अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेट आजही अधूनमधून धुमसते. आणि मुंबई? ती सात बेटे होती. माणसाने मधली खाजणे बुजवून त्यांचे एक गाव केले. तेव्हा बेटे होतात तशी नाहीशीही होतात.

मालवणच्या किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर कुरटे बेट आहे, आणि त्यावर सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. काम सुमारे तीन वर्षे चालले. बेट जवळजवळ ४८ एकरांचे, आणि त्याच्या कडेकडेने फिरणारा तट वळसे धरून सुमारे तीन किलोमीटर. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि व्यापाराच्या नावाखाली आलेले इंग्रज, या सर्वांवर नजर ठेवायची तर स्वतःचे आरमार हवे आणि आरमाराला स्वतःचे घर हवे, हा त्यामागचा विचार. पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे सांगतात. पुढे १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला तेव्हा त्यांनी त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ असे ठेवले होते. ते नाव आज कोणाला आठवतही नाही. १९८१ साली रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा करण्यात आला तेव्हा नव्या जिल्ह्याला या किल्ल्याचेच नाव मिळाले.

होडी तटाच्या अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा लपवला आहे की शत्रूच्या तोफेला सरळ रेषा मिळू नये. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे दाखवतात, आणि काही घरे आहेत, त्यांत आजही माणसे राहतात. पण आमच्या मुलांचे पाय खिळले ते विहिरींपाशी. दूधविहीर, साखरविहीर आणि दहीविहीर अशी तीन गोड्या पाण्याची स्थाने या खाऱ्या पाण्याच्या मधोमध आहेत.

हा चमत्कार आहे काय? असे विचारणाऱ्याला ‘देवाची करणी’ म्हणून वाटेला लावण्याची चाल आहे. मला ती पसंत नाही. बेटावर जो पाऊस पडतो त्याचा काही भाग जमिनीत आणि खडकाच्या भेगांत मुरतो. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके असते. एक लिटर गोडे पाणी एक किलो भरत असेल, तर तेवढेच समुद्राचे पाणी सुमारे पंचवीस ग्रॅमने जड भरते. त्यामुळे जमिनीखाली ही दोन पाणी एकत्र आली तरी मुरलेले गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते, लगेच मिसळून जात नाही. लक्षद्वीपसारख्या सपाट बेटांवर माणसे शतकानुशतके राहिली ती याच पातळ, तरंगत्या साठ्याच्या आधारावर. विहीर बेताची खोल ठेवावी आणि उपसा बेताचा करावा, एवढे पथ्य. वाजवीपेक्षा जास्त उपसले की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर बिघडते. सिंधुदुर्गाची जागा निवडणाऱ्यांनी पाण्याची ही खात्री आधी करून घेतली असली पाहिजे. कारण वेढ्यात किल्ला पडतो तो पुष्कळदा तोफेने नव्हे, तहानेने.

तहानेचाच विषय निघाला आहे तर आपल्या मुक्कामाचा हिशेब सांगतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे एवढे दाट मीठ बाहेर टाकू शकत नाहीत. ते बाहेर टाकण्यासाठी शरीर स्वतःजवळचेच पाणी खर्च करते. म्हणून समुद्राचे पाणी प्याले की तहान भागत नाही, वाढते. पिण्यास व रांधण्यास माणशी रोजचे चार लिटर पाणी आम्ही धरले, आणि पाच जणांस दोन दिवसांसाठी चाळीस लिटर, शिवाय अडीअडचणीस दहा लिटर जवळ ठेवले. आंघोळीला वाडीतली विहीर होती. भांडी मात्र आधी समुद्राच्या पाण्याने आणि वाळूने घासून शेवटी तांब्याभर गोड्या पाण्याने विसळली. आपल्या घरी नळाखाली जेवढे पाणी वाहून जाते त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम झाले.

आता भरती-ओहोटी. समुद्रावर जायचे तर सर्वांत आधी हाती घ्यायची वस्तू म्हणजे पंचांग. चंद्राच्या ओढीने पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूस पाणी फुगते, आणि त्याच वेळी विरुद्ध बाजूसही फुगते. या दोन फुगवट्यांखालून पृथ्वी फिरत असल्यामुळे आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. म्हणजे आज जी भरती दुपारी बाराला आली ती उद्या पाऊण-एकच्या सुमारास येणार. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी पुष्कळ चढते, तितकेच खालीही जाते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास ही ओढ एकमेकींना काटकोनात असते, तेव्हा चढही थोडा आणि उतारही थोडा. त्याला कोकणात भांग म्हणतात.

कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ सांगण्यास घड्याळाचे कोष्टक लागत नसे. तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती, हा त्यांचा हिशेब. चतुर्थी असेल तर चार पाउणे तीन, तेव्हा तीनला भरती. अष्टमी असेल तर आठ पाउणे सहा. पूर्वी शाळांत पावकी, निमकी आणि पाउणकी पाठ करून घेत, ती अशी कामास येई! भरती दर तिथीला साधारण ४८ मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. हा तीन मिनिटांचा फरक साचत जाऊन पक्षाच्या शेवटी-शेवटी वेळ बरीच चुकते, म्हणून आज छापील कोष्टक पाहिलेलेच बरे. शिवाय हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी लवकर येते, आणि मालवणास त्यातून पाऊण ते एक तास वजा करावा लागतो.

आम्ही मुक्कामासाठी मुद्दाम शुद्ध अष्टमीची रात्र निवडली होती. भांगाचे पाणी फार चढत नाही, तेव्हा वाळूवर झोपणाऱ्याला ती सोयीची. मात्र प्रत्येक सोयीची किंमत असते. भांगात ओहोटीही अर्धवटच होते; म्हणून सिंधुदुर्गाशेजारच्या पद्मगडाकडे पाय भिजवीत चालत जाण्याचा बेत आम्ही आधीच सोडून दिला होता. तेथे चालत जायचे तर मोठ्या ओहोटीची वेळ साधावी लागते, आणि पाणी परत फिरण्याच्या आधी किनारा गाठावा लागतो. मुले बरोबर असता मी तो खेळ करणार नाही.

देवबाग हे गाव पाहण्यासारखे आहे. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी, आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची एक लांबट जीभ. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की एका पाण्याकडे पाठ केली की समोर दुसरे पाणी दिसते. जिभेच्या टोकाशी नदी समुद्रास मिळते. तेथे नदी आपला गाळ टाकते आणि समुद्र तो मागे ढकलतो. या ओढाताणीत वाळूचे बांध उभे राहतात, सरकतात, मोडतात. त्यांपैकी एकाला लोक ‘सुनामी बेट’ म्हणतात, आणि २००४ सालच्या डिसेंबरातील सुनामीनंतर ते वर आले असे सांगतात. ओहोटीला ते उघडे पडते आणि होडीवाले तेथे नेऊन सोडतात. भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो. आम्ही सकाळी साडेनऊला गेलो आणि साडेबाराच्या आत परतलो, कारण पूर्ण ओहोटी अकराच्या सुमारास होती. किती वाजता घ्यायला येणार हे तांडेलाला निघण्यापूर्वी दोनदा विचारून घेतले. त्यानेही कंटाळा केला नाही. समुद्रावर पोट असणारा मनुष्य अशा प्रश्नांना कधी हसत नाही. होडीत बसण्यापूर्वी प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालून त्याचे बंद आवळले पाहिजेत, आणि होडी भरून वर माणसे घेत असतील तर खाली उतरून पुढच्या होडीची वाट पाहावी. पावसाळ्यात, मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, किल्ल्याची प्रवासी वाहतूक बंदच असते.

खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी पोहायला उतरणे म्हणजे वाहत्या कालव्यात उतरण्यासारखे आहे. नदीचे आणि खाडीचे सारे पाणी त्या वेळी समुद्राकडे धावत असते. हे समजण्यास सोपे आहे. समजण्यास अवघड आहे ते उघड्या किनाऱ्यावरचे. लाटा पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतात. ते पाणी परत जाणारच, आणि ते सर्वत्र सारखे न परतता वाळूतल्या एखाद्या खोल घळीतून जोराने बाहेर निघते. या जागी लाट फुटत नाही, फेस कमी दिसतो, पाणी गडद आणि शांत वाटते. नवखा मनुष्य नेमकी तीच जागा सुरक्षित म्हणून निवडतो! त्या ओढीत सापडलेला माणूस थेट किनाऱ्याकडे पोहू लागतो, ओढ त्याच्यापेक्षा बलवान असते, दोन-चार मिनिटांत तो थकतो. अशा वेळी ओढीशी भांडू नये. ती पट्ट्यासारखी अरुंद असते, तेव्हा किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून तिच्या बाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर परतावे. पोहण्याची शक्ती नसेल तर पाठीवर तरंगत राहून हात वर करावा. ही ओढ पाण्याखाली खेचत नाही, दूर नेते. किनाऱ्यावरच्यांनी एकामागून एक पाण्यात उड्या घेऊ नयेत. एकास वाचवण्यास गेलेले अनेक जण अशा वेळी प्राण गमावतात. दोरी फेकावी, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेकावा, आणि कोळ्यांना हाक मारावी. आम्ही असा एक पाच लिटरचा डबा दोरी बांधून सतत हाताशी ठेवला होता. मुलांना गुडघ्यापुढे पाण्यात जाण्यास मनाई होती आणि त्यांनी ती पाळली. कारण सांगितले की मुले ऐकतात असा माझा अनुभव आहे.

तंबू कोठे ठोकावा? किनाऱ्यावर कोठेही नव्हे. आम्ही एका वाडीच्या मालकाची परवानगी घेऊन त्याच्या कुंपणाबाहेर, सुरूच्या झाडांच्या कडेला जागा घेतली. माडाखाली सावली सुंदर असते, पण वरून नारळ किंवा झावळी केव्हा पडेल याचा नेम नाही. वाळू नीट पाहिली तर तीवर शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांच्या दोन ओळी दिसतात. खालची ओली ओळ आजच्या भरतीची. वरची वाळलेली ओळ मागच्या उधाणाची. तंबू या वरच्या ओळीच्याही वर हवा. आणि त्याहून खात्रीची खूण म्हणजे एक वेल. जांभळी फुले आणि आपट्यासारखी दुभंगलेली पाने असलेली ही वेल वाळूवर पसरते. समुद्र नित्य जेथपर्यंत येतो तेथे ती टिकत नाही. तिचे मराठी नाव मर्यादवेल. हे नाव ज्याने दिले त्याचे निरीक्षण मोठे म्हटले पाहिजे. ती तुडवू नये, उपटू तर मुळीच नये, कारण वाऱ्याने उडणारी वाळू तीच धरून ठेवते.

कोरड्या वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत हे घरच्या अंगणात कळणारे नव्हे. त्यावर उपाय असा की गोणपाटाच्या लहान पिशव्यांत वाळू भरून त्या हातभर खोल पुराव्यात आणि दोर त्यांना बांधावेत. दिवसभर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहत होता. रात्री तो थांबला आणि मग उलट्या दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागला. भूगोलाच्या पुस्तकातील खारे वारे आणि मतलई वारे ते हेच. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी सावकाश. जेथे हवा तापून वर चढते तिकडे दुसरी हवा धाव घेते. इंजिने येण्यापूर्वी शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर समुद्रात जात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. तंबूचे तोंड कोणीकडे ठेवावे हा प्रश्न याच ज्ञानाने सुटतो. जानेवारीत पहाटे दव मात्र इतके पडते की बाहेर राहिलेली चादर पिळून घ्यावी लागते.

स्वयंपाकास आम्ही लहान स्टोव्ह नेला होता. संध्याकाळी उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा आणि घरून नेलेली ज्वारीची भाकरी. हैदराबाद आणि कोकण यांचा असा मिलाफ मला तरी फार रुचला. शेकोटी पेटवलीच तर ती विझवताना वाळू लोटू नये. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात, वरून काही दिसत नाही, आणि अनवाणी धावणारे मूल नेमके तेथेच पाय ठेवते. पाणी ओतून विझवावी आणि हात लावून पाहावे. उथळ पाण्यात चालताना पाऊल उचलून न टाकता वाळूत घासत न्यावे. वाळूत पाकट मासा दडलेला असला तर तो चाहूल लागून निघून जातो. नाही तर त्याच्या शेपटीचा काटा फार वाईट.

रात्री दिवे बेताचेच लावले. थंडीचे महिने कासवांच्या विणीचे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि मागे वळून न पाहता समुद्रात परत जाते. सुमारे ४५ ते ६० दिवसांत वाळूच्या उबेनेच पिल्ले बाहेर पडतात. पिल्लू नर होणार की मादी, हेही त्या उबेवर ठरते. ती समुद्राकडे जातात ती पाण्यावरच्या मंद उजेडाच्या रोखाने. किनाऱ्यावर झगझगीत दिवा असला तर उलट दिशेला भरकटतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ सालापासून हे काम हाती घेतले, आणि जी अंडी पूर्वी खाल्ली वा पळवली जात, तीच आता ग्रामस्थ राखतात. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीलाही असे काम चालते. आम्हांला कासव दिसले नाही. दिसले असते तरी दिवा विझवून लांब बसण्यापलीकडे काही करायचे नव्हते.

मालवणच्या पाण्यात प्रवाळही आहेत. १९८७ साली तेथील सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून घोषित झाला. पाण्याखाली जाऊन प्रवाळ दाखवणारे पुष्कळ जण हल्ली भेटतात. पाहावेत, पण त्यांवर उभे राहून छायाचित्र काढू नये. बोटभर वाढण्यासही प्रवाळाला वर्षे लागतात, आणि टाचेखाली ते क्षणात मोडते.

दुसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर नैर्ऋत्येकडे क्षितिजावर एक दिवा लुकलुकताना दिसला. वेंगुर्ल्याच्या खडकांवरचा तो दीपस्तंभ. ही बेटे उघडी, पाणी नसलेली. लाटांमुळे उतरण्यास अवघड आणि सहलीस सर्वथा अयोग्य. तेथल्या गुहांत पाकोळ्यांची वस्ती आहे. या पाकोळ्या आपल्या लाळेने कड्यांना घरटी चिकटवतात, आणि चिनी लोक त्यांचे सार करून पितात. त्या व्यापारापायी ही घरटी पूर्वी चोरून खरवडून नेली जात आणि पिल्ले खाली पडून मरत. तेव्हा त्या बेटांना दुरून नमस्कार. दीपस्तंभ मात्र दुरूनच पाहायचा असतो. प्रत्येक दीपस्तंभाचा लुकलुकण्याचा ठेका वेगळा ठेवलेला असतो, आणि तो मोजून नावाडी अंधारात आपण कोठे आहोत हे ओळखतो. मुलांनी मनगटावरचे घड्याळ घेऊन दोन झोतांमधले सेकंद मोजले. धाकट्याचा आकडा आणि थोरलीचा आकडा जुळेना. मग दोघांनी मिळून, एकाने मोठ्याने मोजायचे आणि दुसरीने घड्याळ पाहायचे असे ठरवून, दहा झोत मोजले, आणि एकूण सेकंदांना दहाने भागले.